वादळाची अंकलिपी

पुण्यात शिवाजीनगरला उतरणाऱ्या माणसाच्या कानावर 'सिमला ऑफिस' हे नाव एकदा तरी पडतेच. रिक्षावाले ते सांगतात, बसचे कंडक्टर पुकारतात. हिमालयातले सिमला इथे चौकात कसे येऊन बसले, असे मात्र सहसा कुणी विचारत नाही. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले, त्याची ही खूण. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले. घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत आणि नाव, दोन्ही इथेच राहिले.

हे खाते १८७५ साली स्थापन झाले, ते कुणा साहेबाच्या हौसेखातर नव्हे. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ कोसळले. हुगळीच्या मुखातून समुद्र आत शिरला आणि त्यात व त्यामागून आलेल्या रोगराईत पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली. बंदरातले क्वचितच एखादे जहाज धड राहिले. त्यानंतर ओरिसाचा दुष्काळ पडला. तेव्हा कुठे सरकारला वाटू लागले की, आभाळाकडे लक्ष ठेवणारे कुणीतरी पगारावर असावे.

पण त्याच कलकत्त्यात याआधी वीस वर्षे एक माणूस, दुसऱ्या नोकऱ्या सांभाळून, हेच काम करीत होता. १८६४ चे वादळ आले तेव्हा त्याला जाऊन सहा वर्षे झाली होती. त्याचे नाव हेन्री पिडिंग्टन. 'सायक्लोन' हा आज जगभर चालणारा शब्द त्याने घडवला. एवढी ओळख सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सापडते. त्याच्या आयुष्यातली खरी गोष्ट मात्र त्या शब्दाच्या पुढे सुरू होते.

पिडिंग्टनचा जन्म ७ जानेवारी १७९७ चा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या अकफील्ड गावचा. व्यापारी जहाजांवर तो वाढला, पूर्वेकडच्या समुद्रांत फिरला आणि ऐन उमेदीत समुद्र सोडून कलकत्त्यात स्थिरावला. विद्यापीठाची पदवी नाही, मोठ्या घराण्याचे पाठबळ नाही. होते ते कुतूहल, आणि तेही सगळ्याच गोष्टींचे. हिंदुस्थानातल्या वनस्पतींच्या देशी व शास्त्रीय नावांची सूची त्याने १८३२ मध्ये छापली. मातीचे पृथक्करण केले, शेतीच्या सोसायटीचा पत्रव्यवहार सांभाळला, आशियाटिक सोसायटीत काम केले, पुढे खनिजांच्या सरकारी संग्रहालयाचा तो क्युरेटर झाला. अशा माणसांना आपल्याकडे 'नाना उद्योगी' म्हणतात आणि ते म्हणताना थोडे हसतात. पिडिंग्टनकडे पाहूनही कलकत्त्यातली बडी मंडळी तशी हसत असतील, तर नवल नाही.

या सगळ्या उद्योगांना एक धागा मिळाला तो १८३८ मध्ये निघालेल्या एका पुस्तकामुळे. कर्नल विल्यम रीड हा लष्करातला इंजिनीअर. १८३१ च्या भीषण वादळानंतर तो बार्बाडोस बेटावर पुनर्बांधणीच्या कामाला गेला होता. वादळ म्हणजे सरळ रेषेत धावणारा वारा नव्हे, ती एका केंद्राभोवती गरगर फिरणारी आणि फिरता फिरता पुढे सरकणारी वस्तू आहे, असे त्याने जहाजांच्या नोंदींवरून मांडले. त्याच्याही आधी अमेरिकेत विल्यम रेडफील्ड नावाच्या, मुळात खोगिरे बनवणाऱ्या माणसाला हेच दिसले होते. १८२१ च्या वादळानंतर तो पायी फिरत असताना त्याच्या लक्षात आले, की एका भागात झाडे एका दिशेला पडली आहेत आणि काही मैलांवर नेमकी उलट दिशेला. खोगीरवाला, लष्करी इंजिनीअर आणि आता हा निवृत्त खलाशी. वादळाचे शास्त्र सुरुवातीला अशा बाहेरच्या माणसांच्याच हातांनी वाढले.

पिडिंग्टनने रीडचे पुस्तक वाचले आणि बंगालच्या उपसागराला तीच कसोटी लावायचे ठरवले. जून १८३९ मध्ये उपसागरात झालेल्या वादळावर त्याने पहिला निबंध लिहिला. मग निबंधांमागून निबंध आशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात येत राहिले आणि त्यांची संख्या वीसवर गेली. त्याची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण त्या काळी उपग्रह तर सोडाच, हिंदुस्थानात तारयंत्रही नव्हते. वादळ चालू असताना ते कुठे आहे हे कुणालाच कळण्याची सोय नव्हती. कळू शकत होते ते नंतर. एक-एक करून मोडकी जहाजे बंदराला लागत. त्यांच्या नोंदवह्यांत तासातासाचा हिशेब असे: वारा कुठून, जोर किती, बॅरोमीटर किती उतरला, जहाज अंदाजे कुठे. पिडिंग्टन त्या वह्या मिळवी, कप्तानांना पत्रे लिही, किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवी. अपघातांची चौकशी करणाऱ्या सागरी न्यायालयाचा तो अध्यक्ष झाला, तेव्हा तर या वह्या आपोआपच त्याच्या टेबलावर येऊ लागल्या. मग एकाच दिवशी, एकाच वेळी दहा-बारा जहाजांवर वारा कुठून होता हे तो नकाशावर बाणांनी मांडी. बाण जुळत जात आणि मेलेले वादळ कागदावर पुन्हा उभे राहत असे.

मी बँकेत आयुष्य काढले. त्यामुळे मला हे काम फार ओळखीचे वाटते. बंद पडलेल्या कारखान्याच्या जुन्या खतावण्या चाळून तो नेमका कोणत्या महिन्यात बुडायला लागला हे शोधण्यासारखेच ते आहे. फरक एवढाच की, पिडिंग्टनच्या खतावणीत प्रत्येक चुकीच्या नोंदीमागे माणसे बुडालेली होती.

या वह्यांतून त्याला मिळालेल्या दोन कहाण्या अशा आहेत, की एखाद्या कादंबरीकाराने लिहिल्या तर संपादक त्या परत पाठवील.

पहिली नोव्हेंबर १८४४ ची. सैनिक घेऊन येणारी दोन जहाजे अंदमानच्या समुद्रात वादळात सापडली. 'रनीमीड' इंग्लंडहून येत होते आणि 'ब्रिटन' ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. डोलकाठ्या गेल्या, सुकाणू निकामी झाले, रात्री जहाजे कुठे फेकली गेली कळले नाही. उजाडल्यावर दिसले ते असे: लाटेने दोन्ही जहाजे खडकांवरून उचलून एका निर्जन बेटाच्या खारफुटीच्या जंगलात नेऊन ठेवली होती, एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात. सहाशेंहून अधिक माणसे, बायकापोरांसकट, आणि बहुतेक सगळी जिवंत. पिडिंग्टनने दोन्ही जहाजांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून त्या वादळाचा मार्ग काढला. पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट त्याच्या मनात ठसली असली पाहिजे. एवढी अवजड जहाजे जंगलात नेऊन ठेवणारे पाणी वाऱ्याबरोबर आले होते.

दुसरी कहाणी फेब्रुवारी १८४५ ची, मॉरिशसजवळची. 'चार्ल्स हेडल' हे चपळ जहाज वादळात सापडले आणि कप्तानाने शिरस्त्याप्रमाणे वाऱ्याला पाठ देऊन ते पळवले. पाच दिवस ते जिवाच्या आकांताने पळत होते. तेराशे मैलांहून अधिक अंतर कापले. पिडिंग्टनने त्याची नोंदवही नकाशावर उतरवली, तेव्हा एखाद्या स्प्रिंगसारखे वेटोळे उमटले. जहाज वादळाच्या केंद्राभोवती पाच फेऱ्या मारीत होते आणि मूळ जागेपासून प्रत्यक्षात जेमतेम साडेतीनशे मैल सरकले होते. ज्याच्यापासून पळायचे त्याच्याच भोवती घाण्याच्या बैलासारखे फिरायचे! वादळ फिरते याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा मिळणे कठीण होते.

हे ज्ञान विद्वानांसाठी नव्हतेच. ते त्या 'चार्ल्स हेडल'च्या कप्तानासारख्यांसाठी होते. म्हणून १८४४ मध्ये एक छोटे आणि १८४८ मध्ये एक मोठे, अशी दोन पुस्तके त्याने खलाशांसाठी लिहिली. त्यांच्या नावात 'हॉर्न-बुक' हा शब्द आहे. जुन्या इंग्लंडात मुलांना अक्षरे शिकवण्याची एक पाटी असे. तिच्यावरचा कागद मळू नये म्हणून शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा लावीत. तेच हॉर्न-बुक. आपल्या भाषेत सांगायचे तर 'खलाशांची अंकलिपी'. नावात श्लेष होता, कारण पुस्तकासोबत खरोखरच शिंगाच्या दोन पारदर्शक चकत्या मिळत, एक उत्तर गोलार्धासाठी आणि एक दक्षिण गोलार्धासाठी. चकतीवर वर्तुळे आणि वाऱ्याचे बाण. ती सागरी नकाशावर आपल्या जहाजाच्या जागी अशी ठेवायची की, चकतीवरचा बाण आणि अंगावर येणारा वारा जुळतील. चकतीचा मध्य जिथे पडेल तिथे वादळाचे केंद्र.

गणित न येणाऱ्यासाठी नियम आणखी सोपा होता. आपल्याकडच्या समुद्रात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, की केंद्र उजव्या हाताला असते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला डाव्या हाताला. वाऱ्याची दिशा कशी बदलते हे पाहत राहिले, की वादळ आपल्या कोणत्या अंगाने सरकते आहे तेही कळते. मग केंद्रापासून दूर जायचे. पळायचे नाही, वळायचे. अंधारात, डेकवर पाणी असताना, ज्याला धड लिहिता-वाचताही येत नाही अशा तांडेलालाही हे जमू शकत होते.

याच १८४८ च्या पुस्तकात तो शब्द आला. त्याची कुळकथा मजेची आहे. प्रत्येक समुद्रातल्या वादळांना निरनिराळी नावे होती: कुठे हरिकेन, कुठे टायफून, कुठे तुफान. गोल फिरणाऱ्या सगळ्या वाऱ्यांना मिळून एक नाव हवे होते. पिडिंग्टनने ग्रीक शब्द घेतला, पण घेताना सावधगिरी बाळगली. वारा अगदी नेमक्या वर्तुळातच फिरतो असे म्हणण्याइतका पुरावा हातात नाही, हे तो जाणून होता. म्हणून त्याने ज्या ग्रीक शब्दाचा एक अर्थ सापाचे वेटोळे असाही होतो तो निवडला. वळण्याची प्रवृत्ती सांगायची, वर्तुळाची हमी द्यायची नाही. पुढच्या काळात मॉरिशसच्या चार्ल्स मेल्ड्रम वगैरे संशोधकांनी दाखवून दिले की, वारा खरोखरच वर्तुळात फिरत नाही, तो आत आत वळत जातो. त्यामुळे उजव्या हाताचा नियमही थोडा दुरुस्त करावा लागला, केंद्र थोडे मागे धरावे लागले. नियम चुकला. शब्द चुकला नाही. आपण मराठीत 'चक्रीवादळ' म्हणतो, ते चांगलेच आहे. पण पिडिंग्टनच्या मनातला अर्थ 'विळखा' या शब्दाला अधिक जवळचा आहे.

इतका मोजून-मापून बोलणारा माणूस १८५३ मध्ये एकदम आवाज चढवून बोलला.

कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना त्या सुमारास एका भीतीने ग्रासले होते. हुगळी गाळाने भरत चालली आहे, उद्या मोठी जहाजे शहरापर्यंत येईनाशी होतील, मग आपले काय? पर्यायी बंदर हवे. नजर गेली ती कलकत्त्याच्या आग्नेयेला साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर, सुंदरबनच्या काठी वाहणाऱ्या मातला नदीवर. पात्र रुंद, पाणी खोल, समुद्र जवळ. नदीचे नाव बंगालीत 'मातलेली, नशेत असलेली' अशा अर्थाचे. मराठी माणसाला हे फोड करून सांगायला नको. स्थानिकांनी नदीचा स्वभाव नावातच सांगून ठेवला होता.

पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याला उद्देशून एक छापील पत्र लिहिले. विषय होता उपसागरातल्या वादळांबरोबर येणारी लाट आणि सुंदरबनावर होणारा तिचा परिणाम. कोरिंगाची कथा त्याला पाठ होती. गोदावरीच्या मुखाजवळच्या त्या बंदरात डिसेंबर १७८९ मध्ये एकामागून एक तीन प्रचंड लाटा शिरल्या आणि गाव व बंदरातली जहाजे पुसून गेली. मेलेल्यांची संख्या वीस हजारांच्या घरात सांगत. नोव्हेंबर १८३९ मध्ये त्याच गावावर पुन्हा तीच पाळी आली. याचे कारणही त्याच्या वह्यांतून स्पष्ट होत होते. वादळाचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो. उपसागराचे उत्तरेकडचे टोक उथळ आणि नरसाळ्यासारखे निमुळते आहे. ढकललेल्या पाण्याला पसरायला जागा मिळत नाही आणि ते उंच चढते. त्यात भरतीची वेळ साधली, की मग विचारायलाच नको. मातलेच्या काठी वसाहत केलीत, तर एक ना एक दिवस वादळाच्या तडाख्यात खाऱ्या पाण्याचा लोंढा इतक्या वेगाने येईल, की सारे गाव पाच ते पंधरा फूट पाण्याखाली जाईल, असे त्याने बजावले.

सरकारने पत्र घेतले. बंदराचे काम पुढे चालू राहिले. पुढच्या गव्हर्नर जनरलचे नाव त्याला मिळाले, पोर्ट कॅनिंग. पिडिंग्टन ७ ऑगस्ट १८५८ रोजी कलकत्त्यात वारला. त्याच्या पाच दिवस आधी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य संपवणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब झाले होते. बातमी कलकत्त्याला पोहोचायच्या आत कंपनीचा हा नोकर गेला. उठावाच्या त्या धामधुमीत एका वादळवेड्या म्हाताऱ्याच्या मृत्यूची दखल किती घेतली गेली असेल, याची कल्पना करता येते.

यापुढचा भाग मुंबईचा आहे. १८६३ मध्ये कलकत्त्याहून कॅनिंगपर्यंत रेल्वे पोहोचली. बंदर, जमीन, गोद्या यांचा विकास करण्यासाठी कंपनी निघाली आणि तिच्या शेअर्सवर मुंबईकर तुटून पडले. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, हातात पैसा खुळखुळत होता. बॅकबेची भरणी करणाऱ्या कंपनीचे शेअर असोत की कधी न पाहिलेल्या मातला नदीच्या काठचे, भाव दर्शनी किमतीच्या कितीतरी पट चढत गेले. १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस कोसळला आणि मुंबईतली सगळी पत्त्यांची घरे पडली. पोर्ट कॅनिंगही त्यातून सुटले नाही.

आणि १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ आले. १८६४ च्या मानाने ते किरकोळच. पण लाट आली. साधारण सहा फुटांची. स्टेशन, मालाच्या वखारी, हॉटेल यांची तिने दाणादाण केली आणि गोड्या पाण्याची तळी खारट करून टाकली. पाच ते पंधरा फूट, असे पिडिंग्टनने लिहिल्याला चौदा वर्षे आणि त्याला जाऊन नऊ वर्षे झाली होती. पुढच्या काही वर्षांतच बंदर मोडीत निघाले. आज कॅनिंग हे सुंदरबनला जाणाऱ्यांचे लोकलचे स्टेशन आहे. अमिताव घोष यांच्या २००४ च्या 'द हंग्री टाइड' या कादंबरीत ही हकीकत येते, तेव्हापासून पुष्कळांना ती ठाऊक झाली.

इथे हिशेब चोख ठेवला पाहिजे. कॅनिंग एकट्या लाटेने मारले नाही. जहाजे मुळात फारशी येतच नव्हती, हुगळी भीती होती तितकी आटली नाही आणि कंपनीचे भांडवल सट्ट्यात अर्धमेले झालेच होते. वाईट कर्ज एका कारणाने कधीच बुडत नाही. पण बाकीची कारणे कुणाला आधी सांगता आली नसती. लाटेचे कारण मात्र छापून, पत्ता लिहून, योग्य टेबलावर ठेवलेले होते.

ते का वाचले गेले नाही? अधिकारी मूर्ख होते, हे उत्तर सोपे आहे आणि म्हणून मला ते पटत नाही. नोकरीत असताना कोकणातल्या एका खाडीकाठच्या शाखेत मी मॅनेजर होतो. कोळंबी संवर्धनाच्या एका प्रकल्पाला कर्ज द्यायचे होते. जागा पाहायला गेलो, तेव्हा गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला देवळाकडे नेले आणि जोत्याची एक पायरी दाखवली. त्यांच्या लहानपणी उधाणाचे पाणी इथवर आले होते, असे त्यांचे म्हणणे. त्या पायरीच्या मानाने प्रकल्पाचा बांध बराच खाली येत होता. मी ऐकून घेतले, चहा प्यालो, आणि अहवालात जागा योग्य असल्याचा शेरा मारला. म्हाताऱ्याच्या आठवणीला अहवालात रकानाच नव्हता. वरून उद्दिष्ट होते, मार्चअखेर जवळ होती, अर्जदार भला माणूस होता. तिसऱ्या पावसाळ्यात अमावास्येच्या भरतीला बांध फुटला. माणसे वाचली. कर्ज बुडाले आणि त्या भल्या माणसाची वडिलोपार्जित बाग गेली. माझी बदली झाली होती. मला कुणी काही विचारले नाही, याचेच मला अधिक वाटते.

म्हणून डलहौसीच्या कचेरीत ते पत्र कोणत्या हातांनी बाजूला ठेवले असेल, हे मला चांगले दिसते. तो दुष्टपणा नव्हता. जे संकट या वर्षी येणार नाही, त्याच्यासाठी या वर्षी काम थांबवण्याची हिंमत कुणाला नसते. आणि पिडिंग्टनला तारीख सांगता येत नव्हती. तो फक्त एवढेच सांगू शकत होता की, एक दिवस हे होईल.

आता तारीख सांगता येते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढले. त्याची वर्दी हवामान खात्याने आधी दिली होती आणि हजारो माणसांना किनाऱ्यावरून हलवले होते. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, पिढ्यांची कमाई एका दुपारी गेली. पण मेलेल्यांचा आकडा बोटांवर मोजण्याइतका राहिला. कोरिंगाच्या वीस हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवला, की पिडिंग्टनच्या शिंगाच्या चकतीपासून सुरू झालेल्या कामाची किंमत कळते. त्याच्या ज्ञानाचा तो अर्धा भाग आपण मनापासून स्वीकारला आहे. वादळ येते आहे म्हटले, की आपण हलतो.

दुसरा अर्धा भाग, म्हणजे बांधायचे कुठे आणि कुठे नाही, तो अजून डलहौसीच्या टेबलावरच आहे. खाजणे भरली जात आहेत, खारफुटी तोडली जात आहे, खाडीच्या तोंडाशी इमारती चढत आहेत, आणि प्रत्येक अहवालात जागा योग्य असल्याचा शेरा कुणीतरी मारतो आहे. त्या शेऱ्याखालची सही कशी केली जाते, हे मला माहीत आहे. मी ती केली आहे.